नकाराची नोंद : शासनव्यवहार आणि अश्रद्ध नागरिक

१

धामणगाव बढे हे बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील माझे गाव. वऱ्हाडातील शाळांतून विद्यार्थ्याच्या येण्याजाण्याची नोंद ज्या वहीत होते, तिला 'दाखलखारीज' म्हणतात. या वहीत नाव, जन्मतारीख यांच्या शेजारी धर्म व जात यांचा रकाना असतो. जात पडताळणीच्या कामी या वहीला आज मोठे मोल आले आहे. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १९५० पूर्वीची, इतर मागासवर्गीयाला १९६७ पूर्वीची नोंद शोधावी लागते. आजोबांच्या मास्तरांनी कधीकाळी लिहिलेला एक शब्द नातवाचे शिक्षण आणि नोकरी ठरवितो.

काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीच्या अर्जात धर्माच्या रकान्यात नुसती रेघ मारली. अर्ज अपूर्ण म्हणून परत आला. खिडकीवरचे लिपिक उर्मट नव्हते. 'रेघ म्हणजे माहिती भरलेली नाही' एवढेच त्यांचे म्हणणे होते. मुलगा बौद्ध कुटुंबातला. 'सर, मी काहीच मानत नाही, तर काय लिहू?' असे त्याने मला विचारले. मी त्याला वडिलांचा धर्म लिहायला सांगितला, आणि त्याने तो लिहिला. सल्ला व्यवहारी होता. पण तो देताना माझ्यातील शिक्षकाला काही पटले नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

धर्म आणि शासन यांच्या संबंधांची चर्चा मराठीत विपुल झाली आहे. मात्र ती बहुधा दोन धर्मांमधील न्यायाची, बहुसंख्य आणि अल्पसंख्य यांच्यातील समतोलाची चर्चा असते. ज्याला कोणताच धर्म आपला वाटत नाही, त्याचे स्थान काय, हा प्रश्न तीत क्वचितच येतो. महाराष्ट्रातील अश्रद्धाचा शासनाने छळ केला, असे म्हणणे अनैतिहासिक होईल. त्याचे गाऱ्हाणे वेगळे आहे. शासनाने त्याला सूट दिली. पण ही सूट बहुतेक वेळा मुळात दुसऱ्या कोणा श्रद्धावंतासाठी काढलेली होती, आणि ती घेताना त्याला आपली ओळख नकारार्थी वाक्यातच सांगावी लागली. शासकीय संहितांच्या आधारे हे तपासून पाहता येते.

२

आरंभ शब्दापासूनच करावा लागतो. 'नास्तिक' हा शब्द आज आपण ईश्वर न मानणारा या अर्थाने वापरतो. परंपरेत त्याचा रोख निराळा होता. मनुस्मृतीच्या दृष्टीने वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. त्यामुळे जगत्कर्त्या ईश्वराची गरज न मानणारे सांख्य आणि मीमांसक आस्तिक ठरले, तर बौद्ध, जैन आणि चार्वाक एका रांगेत नास्तिक ठरले. म्हणजे हा शब्द मुळात एखाद्याच्या अंतःकरणातील विश्वासाविषयी काही सांगत नव्हता. तो प्रामाण्य नाकारणाऱ्याला समाजव्यवस्थेच्या बाहेर उभा करीत होता. ती बहिष्काराची छटा आजही त्या शब्दावरून पूर्णपणे गेलेली नाही.

अर्वाचीन मराठीने 'निरीश्वरवादी', 'अज्ञेयवादी', 'बुद्धिप्रामाण्यवादी', 'विवेकवादी' असे पर्याय घडविले. हे शब्द निबंधांतून आणि परिसंवादांतून रूढ झाले. दाखलखारीजच्या वहीपर्यंत मात्र ते पोहोचले नाहीत. राज्यसंस्थेसाठी 'निधर्मी', 'इहवादी', 'धर्मनिरपेक्ष' असे शब्द आले. यांपैकी 'निधर्मी' हा शब्द राज्याला आणि व्यक्तीला सारखाच लावला गेला, आणि त्यातून मोठा गोंधळ झाला. राज्य 'निधर्मी' आहे अशी टीका ज्यांनी केली, त्यांनी ते राज्य जणू निधर्मी माणसांच्याच मालकीचे आहे असे गृहीत धरले. प्रत्यक्षात 'धर्मनिरपेक्ष' या शब्दाचा आपल्याकडील प्रचलित अर्थ 'सर्वधर्मसमभाव' असाच राहिला. सर्व धर्मांना समान मान देणाऱ्या व्यवस्थेत धर्म नसलेल्याला मान कोणत्या खात्यातून द्यावयाचा, हा प्रश्न त्या अर्थात अनुत्तरितच राहतो.

३

१८७२ हे वर्ष या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. या सुमारास तीन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या आणि त्यांपैकी एकीचा संबंध थेट वऱ्हाडशी आहे.

पश्चिम वऱ्हाडचा आयुक्त असलेल्या आल्फ्रेड लायलने १८७० मध्ये वऱ्हाडचे गॅझेटियर सिद्ध केले आणि पुढे याच प्रांतातील अनुभवावरून एका हिंदी प्रांताच्या धर्मावर निबंध लिहिला. वऱ्हाडात त्याला एकसंध, सीमा आखलेला धर्म दिसला नाही. दगड, झाड, वीर, साधू, अपमृत्यू आलेला माणूस यांतून दैवते सतत घडत असलेली, एकाच घरात अनेक उपासना सुखाने नांदत असलेल्या त्याला दिसल्या. त्याच्या दृष्टीत साम्राज्याच्या अधिकाऱ्याची अढी होती, हे मान्य करूनही त्याचे निरीक्षण मोलाचे आहे. पण याच काळात, १८७२ पर्यंत पूर्ण झालेल्या पहिल्या अखिल भारतीय जनगणनेने माणसांची धर्मवार वाटणी केली. लायलने जे प्रवाही पाहिले, ते त्याच्याच शासनाने रकान्यात बसविले. रकान्याला 'थोडेसे' किंवा 'प्रसंगपरत्वे' समजत नाही. तसेच त्याला 'नाही'ही समजत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे १८७२ चा तिसरा अधिनियम, विशेष विवाहाचा कायदा. त्याची जन्मकथा उद्बोधक आहे. केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो अनुयायांना मूर्तिपूजेचे विधी नको होते. मग त्यांचे विवाह वैध कसे ठरावेत, असा प्रश्न होता. हेन्री मेन याने १८६८ मध्ये व्यापक मसुदा मांडला. रूढ विधींना ज्यांचा आक्षेप आहे अशा ख्रिस्तेतर एतद्देशीयांना त्यात वाट होती. त्याने धर्मशास्त्राचा पायाच ढासळेल, अशी ओरड झाली. केवळ ब्राह्मोंसाठी कायदा करावा, तर आदि ब्राह्मोसमाजाने आपण हिंदूच आहोत असे सांगून विरोध केला. शेवटी फिट्झजेम्स स्टीफन याने तोडगा काढला तो असा की, या कायद्याखाली विवाह करणाऱ्याने आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख वा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही असे जाहीर करावे.

ही घोषणा वाङ्मयीन दृष्टीने वाचण्यासारखी आहे. तीत आठ धर्मांची नावे आहेत. बोलणाऱ्याच्या स्वतःच्या धारणेसाठी मात्र एकही शब्द नाही. आणि ती करावी लागली कोणाला? एकेश्वरावर उत्कट श्रद्धा असलेल्या ब्राह्मोंना. जातीबाहेर विवाह करू पाहणाऱ्या अनेक सश्रद्ध हिंदूंनाही पुढे तेच वाक्य उच्चारावे लागले. शासनाने अश्रद्धेला मान्यता दिली खरी, परंतु ती श्रद्धावंतांकडून वसूल करावयाचे शुल्क म्हणून. नागपूरला वकिली केलेले हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना या घोषणेतून मुक्तता मिळाली आणि १९५४ च्या कायद्याने घोषणेची अटच गेली.

४

शासनाच्या या वृत्तीमागे १८५८ चा राणीचा जाहीरनामा होता. प्रजेच्या धर्मात हात घालणार नाही, हे त्यातील आश्वासन उदारमतवादी होते. पण 'धर्म' म्हणजे काय, हे ठरविण्याचा अधिकार त्यामुळे प्रस्थापित धर्माधिकाऱ्यांकडे गेला. महाराष्ट्रात याचा अनुभव दोन बाजूंनी आला.

पहिली बाजू सत्यशोधकांची. २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने त्याच वर्षाच्या अखेरीस भटाशिवाय विवाह लावला. जोतीराव अश्रद्ध नव्हते. निर्मिकावर त्यांचा विश्वास होता. त्यांचा नकार मध्यस्थाला होता. पण ग्रामजोशाचे वतन हा मुंबई इलाख्यात कायद्याने मानलेला हक्क होता. यजमानाने त्याला बोलाविले नाही, तरी दक्षिणेची भरपाई न्यायालयाकडून मागण्याची सोय त्याला होती. हस्तक्षेप न करणारे शासन दक्षिणा वसूल करून देताना मात्र हस्तक्षेप करीत होते. रावबहादूर सी. के. बोले यांच्यासारख्यांनी कायदेमंडळात लावून धरल्यावर १९२६ मध्ये मुंबई इलाख्यात असे हक्क रद्द करणारा कायदा झाला. अश्रद्ध माणसालाही पुरोहिताच्या देण्यातून मोकळीक मिळाली, ती या सश्रद्ध चळवळीमुळे. बुलढाणा जिल्ह्यातील सत्यशोधक पंढरीनाथ सीताराम पाटील यांनी लिहिलेले जोतीरावांचे चरित्र १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. या चळवळीची मुळे आमच्या भागातही कशी रुजली होती, याची ती खूण आहे.

दुसरी बाजू आगरकरांची. अकोल्याला राहून मॅट्रिक झालेला हा तरुण मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून अज्ञेयवादाकडे गेला. संमतिवयाच्या वादात त्यांनी कायद्याचा पक्ष घेतला. मार्च १८९१ मध्ये संमत झालेल्या या कायद्याने वयाची मर्यादा दहावरून बारावर आली. टिळकांचा आक्षेप परक्या सरकारने धर्मात हात घालण्याला होता. आगरकरांच्या दृष्टीने बालिकेच्या शरीराचा प्रश्न धर्माच्या कक्षेत येतच नव्हता. हा मतभेद साधनांचा होता असे सामान्यतः सांगितले जाते. माझ्या मते तो कक्षेचाही होता. कोणता प्रश्न धार्मिक, हे धर्माने ठरवावे की विवेकाने? प्रतिपक्षाने याला उत्तर म्हणून आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. यात्रा काढणाऱ्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती : धर्माबाहेरच्या माणसासाठी समाजाच्या भाषेत मृताखेरीज दुसरी जागा नव्हती.

याच सुमारास इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ हा उघड नास्तिक १८८० मध्ये पार्लमेंटवर निवडून आला. शपथेच्या वादामुळे त्याला १८८६ पर्यंत आपली जागा घेता आली नाही. १८८८ मध्ये त्याच्याच प्रयत्नाने शपथेऐवजी प्रतिज्ञेची मुभा देणारा कायदा झाला आणि डिसेंबर १८८९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाला तो पाहुणा म्हणून आला. हिंदुस्थानात साक्षीदाराला प्रतिज्ञेची मुभा १८७३ च्या शपथविषयक कायद्यानेच होती. पण तिची रचना पाहावी : साक्षीदार हिंदू वा मुसलमान असेल, अथवा त्याचा शपथेला आक्षेप असेल, तर त्याने प्रतिज्ञा करावी. ब्रॅडलॉने जे भांडून मिळविले, ते येथील नास्तिकाला दुसऱ्यांच्या मागून, त्यांच्यासाठी उघडलेल्या दारातून मिळाले.

५

स्वतंत्र भारताची घटना घडताना हा प्रश्न दोनदा उघडपणे आला आणि दोन्ही वेळा तो मांडणारे सदस्य मध्यप्रांत-वऱ्हाडचे होते : हरि विष्णु कामत. २७ डिसेंबर १९४८ रोजी राष्ट्रपतीच्या शपथेचा अनुच्छेद चर्चेला आला, तेव्हा कामत आणि महावीर त्यागी यांनी ईश्वराचे नाव शपथेत असावे असा आग्रह धरला. डॉ. आंबेडकरांनी तो पर्यायाच्या रूपात स्वीकारला. संविधानाच्या मूळ इंग्रजी संहितेत शपथेच्या नमुन्यात एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर ईश्वरसाक्ष शपथ, रेघेच्या खाली गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा. ज्याला जे हवे ते त्याने वाचावे.

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी कामतांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा अशी दुरुस्ती मांडली. ती मागे घेण्याची विनंती त्यांना झाली. ईश्वराचे नाव मतास टाकू नये, असे पूर्णिमा बॅनर्जी यांनी सुचविले. हृदयनाथ कुंझरू यांनी अधिक मूलगामी मुद्दा काढला : श्रद्धा ही व्यक्तीची बाब आहे, ती सामूहिक वाक्यातून सर्वांवर लादता येणार नाही. मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी पडली.

या दोन प्रसंगांतील फरक महत्त्वाचा आहे. शपथ एकवचनी आहे. तेथे 'मी' बोलतो, म्हणून रेघ मारून दोन वाटा करता येतात. उद्देशिका अनेकवचनी आहे. तेथे 'आम्ही' बोलतो आणि त्या 'आम्ही'त ईश्वर न मानणाराही आहे. सभागृहातील बहुसंख्य सदस्य सश्रद्धच असावेत. तरीही त्यांनी सार्वजनिक वाक्यातून ईश्वराचे नाव गाळले. मला हा आपल्या घटनेच्या इतिहासातील सर्वांत सभ्य क्षण वाटतो. अश्रद्ध नागरिकाला सूट नव्हे, तर स्थान मिळाले, ते येथे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत आलेला शब्द मराठी संहितेत 'धर्मनिरपेक्ष' आणि हिंदी संहितेत 'पंथनिरपेक्ष' असा आहे. हिंदी शब्दात राज्य केवळ पंथांपासून दूर आहे, धर्मापासून नव्हे, असा अर्थ काढण्यास वाव राहतो. मराठी शब्दाने ही पळवाट ठेवलेली नाही, याची नोंद मराठीच्या अभ्यासकांनी घ्यावी.

६

उद्देशिकेने दिलेले हे स्थान प्रत्यक्ष कायद्याच्या तपशिलात मात्र विरून गेले. १९५५-५६ च्या हिंदू कायद्यांत 'हिंदू' कोण, याची व्याख्या तीन पायऱ्यांनी येते आणि तिसरी पायरी शेषाची आहे : जो धर्माने मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वा ज्यू नाही, त्याला, विरुद्ध काही सिद्ध न झाल्यास, हा कायदा लागू. म्हणजे ज्याने सर्व धर्म नाकारले, तो वजाबाकीच्या शेवटी हिंदू उरतो. १८७२ मध्ये नकाराने माणूस सर्व धर्मांबाहेर जात होता. १९५६ मध्ये त्याच नकाराने तो एका विशिष्ट धर्माच्या कायद्यात येऊन पडतो.

मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या अश्रद्धाची अडचण आणखी टोकाची आहे. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईला सचिवालयावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. ते स्वतः धर्म मानीत नव्हते. पण तलाकचा कायदा धर्माच्या नावाने चालत होता. धर्म न मानणाऱ्याला मुस्लिम समाजाविषयी बोलण्याचा अधिकार काय, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला जाई. या आक्षेपाला कायद्यानेच उत्तर दिलेले होते : श्रद्धा गेली, तरी कायदा सुटत नव्हता, आणि म्हणून बोलण्याचा हक्कही सुटत नव्हता. ३ मे १९७७ रोजी दलवाई वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधीविना त्यांच्या देहाचे दहन झाले. आपल्या देहापुरता त्यांनी प्रश्न सोडविला. वारशापुरता तो सुटलेला नव्हता. २०२४ मध्ये केरळमधील मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या एका अश्रद्ध स्त्रीने, आपल्याला शरीयतऐवजी भारतीय वारसा कायदा लागू व्हावा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे नेली. तिचा प्रश्न दलवाईंच्याच प्रश्नाचा उत्तरार्ध आहे.

सर्वांत अवघड स्थिती दलित अश्रद्धाची. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असे ठरविले; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध यांचा त्यात समावेश झाला. १९५६ च्या धर्मांतरानंतर महाराष्ट्रातील बौद्धांना केंद्राच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे थांबावे लागले, ही हकिकत प्रत्येक घराला ठाऊक आहे. आता या आदेशाची शब्दरचना नीट वाचावी. 'वेगळा धर्म मानणारी व्यक्ती' वगळली आहे. कोणताच धर्म न मानणारी व्यक्ती वेगळा धर्म मानीत नाही. शब्दशः अर्थ घेतला, तर माझ्या विद्यार्थ्याच्या रेघेने त्याचे काही बिघडायला नको होते. पण हा अर्थ खिडकीवर कोणी सांगायचा, आणि तो चुकला तर वर्ष कोणाचे वाया जायचे? नास्तिकता ही उच्चवर्णीयांची चैन आहे, असे कधी कधी उपहासाने म्हटले जाते. ती चैन ठरण्याला स्वभावापेक्षा ही व्यवस्था अधिक कारणीभूत आहे. धर्म सोडण्याची किंमत सर्वांना सारखी नाही.

७

गेल्या तीन दशकांत महाराष्ट्रातून निघालेल्या काही निर्णयांनी आणि कायद्यांनी या इतिहासाला नवे वळण दिले. विलेपार्ले पोटनिवडणुकीच्या आणि तत्सम प्रकरणांत ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'हिंदुत्व' या शब्दाचा अर्थ संकुचित धर्म असा न घेता जीवनपद्धती असाही होऊ शकतो, असे सांगितले. या निर्णयाची राजकीय चर्चा पुष्कळ झाली. अश्रद्धाच्या बाजूने पाहता तिच्यात एक निराळी गोष्ट दिसते. धर्म म्हणजे श्रद्धा असेल, तर ती नाकारता येते. तो जीवनपद्धती असेल, तर सण, भाषा, अन्न, नातीगोती यांतून जगणाऱ्या माणसाला नकार उच्चारण्यासाठी बाहेरची भूमीच उरत नाही. उदार वाटणारी व्याख्या अशा रीतीने सर्वभक्षक होऊ शकते.

जादूटोणाविरोधी कायद्याची कथा सर्वांस परिचित आहे. 'अंधश्रद्धा निर्मूलन' या नावाने चर्चेत आलेला हा विचार अनेक मसुद्यांतून गेला. २००५ मध्ये विधानसभेने संमत केलेले विधेयक विधान परिषदेत अडले. डॉ. नरेंद्र दाभोलकर हा कायदा देवाविरुद्ध वा धर्माविरुद्ध नाही, असे वर्षानुवर्षे सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर त्यांचा खून झाला. चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. कायद्याच्या लांबलचक नावात नरबळी, अघोरी प्रथा, जादूटोणा हे शब्द आहेत. 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही. व्यावृत्तीच्या कलमात प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन इत्यादींना हा कायदा लागू नाही, असे आवर्जून सांगितले आहे. हे कलम अनावश्यक होते असे नाही. त्याशिवाय कायदा झाला नसता. पण विवेकवाद्यांच्या चळवळीतून आलेल्या संहितेतही विवेकवाद्याचा उल्लेख नाही आणि श्रद्धावंताला दिलेले आश्वासन सविस्तर आहे, ही वस्तुस्थिती त्या संहितेचा भाग म्हणून वाचलीच पाहिजे. शासनाची संकोचवृत्ती जानेवारी २०१७ मध्येही दिसली. कार्यालये व शाळा यांतील देवदेवतांच्या तसबिरी आणि धार्मिक कार्यक्रम यांना मनाई करणारे परिपत्रक निघाले आणि विरोध होताच ते मागे घेण्यात आले.

न्यायालयांची कामगिरी त्यामानाने ठाम आहे. शाळेच्या प्रार्थनेत हात न जोडल्याबद्दल वेतनवाढ रोखल्या गेलेल्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्णय दिला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी त्याच न्यायालयाने, आपला कोणताही धर्म नाही असे सांगण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे आणि शासन कोणालाही धर्म जाहीर करण्याची सक्ती करू शकत नाही, असे स्पष्ट केले. शासकीय राजपत्रात 'धर्म नाही' अशी नोंद करण्यास मुद्रणालयाने नकार दिल्यावरून हे प्रकरण उद्भवले होते. आणि अर्जदार कोण होते? येशू ख्रिस्तावर श्रद्धा असलेले, पण ख्रिस्ती धर्म हा धर्म म्हणून न मानणारे तिघे. केशवचंद्रांचे ब्राह्मो, जोतीरावांचे सत्यशोधक आणि हे तिघे यांची रांग अशी सरळ लागते. अश्रद्धाचा हक्क प्रत्येक वेळी वेगळ्या श्रद्धेच्या माणसाने मिळवून दिला आहे.

८

यावर एक आक्षेप संभवतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात स्वतःला नास्तिक म्हणवून घेणारे सुमारे साडेनऊ हजारच आढळले. देशभरात ते तेहतीस हजारांच्या आसपास होते. सव्वाअकरा कोटींच्या राज्यात एवढ्या थोड्यांसाठी व्यवस्था का बदलावी? या आकड्याचे वाचन जपून केले पाहिजे. धर्माच्या रकान्यावर वारसा, विवाह आणि आरक्षण अवलंबून असताना त्यात 'नाही' लिहिणाऱ्यांची संख्या ही अश्रद्धांची संख्या नव्हे. ती किंमत मोजण्यास समर्थ असलेल्यांची संख्या आहे. त्यातही महाराष्ट्राचा आकडा देशात सर्वांत मोठा होता, यात आगरकर ते दाभोलकर या परंपरेचा काही वाटा निश्चितच असावा.

मग मागणी कोणती करावी? 'नास्तिक' असा एक स्वतंत्र रकाना मिळाला, की प्रश्न सुटेल असे मला वाटत नाही. त्याने अश्रद्धांची एक नवी जमात तेवढी तयार होईल. रकाना सरसकट पुसून टाकणेही येथे शक्य नाही. जातीने केलेल्या अन्यायाची भरपाई करायची, तर जात मोजावीच लागेल. २०२७ च्या जनगणनेत ती मोजली जाणार आहे आणि ते योग्यच आहे. गरज आहे ती या दोन गोष्टींची फारकत करण्याची. जात ही समाजाने माणसावर लादलेली स्थिती आहे. तिची नोंद हा अन्यायाचा पुरावा आहे. श्रद्धा ही माणसाने स्वतः घ्यावयाची भूमिका आहे. तिची नोंद शासनाकडे असण्याचे कारण नाही. ज्या हक्कांसाठी आज धर्म सांगावा लागतो, ते हक्क श्रद्धेच्या घोषणेवर लटकलेले नसावेत, एवढीच ही मागणी आहे. ती कुंझरूंनी १९४९ मध्ये मांडलेल्या मुद्द्याच्या पलीकडे जात नाही. शिवाय ती श्रद्धावंताच्याही हिताची आहे, कारण वेगळ्या श्रद्धेच्या माणसालाही नेमका हाच रकाना अडला होता.

साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. कविता आणि कादंबरी वाचताना वाक्यात कोण बोलतो, कोणाला गप्प केले आहे, हे आपण शोधतो. अर्ज, शपथेचे नमुने, कायद्यांच्या व्याख्या याही मराठीत लिहिलेल्या संहिता आहेत आणि कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक माणसे त्या वाचून सही करतात. त्यांतील 'मी' कोण आहे, हे विचारणे आपल्या कामाच्या बाहेरचे नाही.

तो विद्यार्थी पुढे शिक्षक झाला. त्याच्या शाळेतही दाखलखारीजची वही आहे आणि दर जूनमध्ये ती तो स्वतः भरतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, 'सर, मी आता तो रकाना भरण्याआधी आईबापांना विचारतो. पूर्वी आडनावावरून भरत होते.' एवढ्याने कायदा बदलत नाही. पण रकान्यात उत्तर लिहिण्यापूर्वी तेथे एक प्रश्न उभा राहिला, आणि ही सुरुवात मला थोडी वाटत नाही.